मूर्तीमागच्या झाडाची नोंद करा

प्रति,
मा. संचालक,
पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



राजगुरुनगरहून हे पत्र लिहीत आहे, आणि मुद्दाम जाहीरपणे लिहीत आहे. मागणी आपल्या कार्यालयाकडे आहे. पण ती पुरी करायला आमच्याकडचे देवस्थानांचे विश्वस्त, ग्रामपंचायती, महाविद्यालयांतले वनस्पतिशास्त्राचे विभाग आणि भीमाशंकरच्या रानात हयात गेलेली माणसे, या सगळ्यांचे हात लागणार आहेत. मागणी अशी: जुन्या मंदिराची नोंद जेव्हा जेव्हा होईल, तेव्हा दगडात कोरलेल्या वनस्पतींची वेगळी नोंद व्हावी. सुरुवात खेड, जुन्नर, आंबेगाव आणि मावळ या चार तालुक्यांपासून करावी.

मी वनस्पतिशास्त्र शिकवले. मूर्तिशास्त्राची माणसे ज्या बारकाईने मूर्तीचे हात मोजतात, आयुधांचा क्रम लावतात आणि त्यावरून चोवीस विष्णूंपैकी नेमका कोणता ते सांगतात, त्या बारकाईबद्दल मला फार आदर आहे. पण त्याच वर्णनात मूर्तीच्या मागे झाड आले, की ‘पानाफुलांची नक्षी’ किंवा ‘वेलबुट्टी’ एवढ्यावर वाक्य संपते. ज्या कारागिराने देवीच्या पायातल्या तोड्याची कडी न् कडी कोरली, त्याने तिच्या डोक्यावरची फांदी डोळे मिटून कोरली असेल, हे मला पटत नाही.

महाराष्ट्रातले सर्वांत परिचित उदाहरण कोल्हापूरचे आहे. महालक्ष्मीच्या चार हातांत गदा, ढाल आणि पानपात्र यांच्याबरोबर एक फळ आहे. ते म्हाळुंग, संस्कृतात मातुलुंग किंवा बीजपूरक. लिंबाच्या कुळातले हे थोराड फळ. साल जाड, खडबडीत, आत गर थोडा आणि बिया पुष्कळ. घारापुरीच्या लेण्यातल्या त्रिमुखी महेशमूर्तीच्या मधल्या मुखाच्या हातातही अभ्यासक म्हाळुंगच ओळखतात. सहाव्या शतकातल्या त्या लेण्यापासून कितीतरी शैव आणि शाक्त मूर्तींच्या हातांत हे फळ दिसते. पण आज म्हाळुंग बाजारात क्वचित येते. शहरात वाढलेल्या विद्यार्थ्यासमोर मूर्तीचे छायाचित्र ठेवले, तर तो त्या फळाला नारळ म्हणतो, आंबा म्हणतो, कधी बेलफळ म्हणतो. फळ डोळ्यांसमोरून गेले, की दगडातले फळही वाचता येत नाही. म्हणून हे काम एकट्या पुरातत्त्ववेत्त्याच्या किंवा एकट्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या आवाक्यातले नाही.

दगडातली वनस्पती ओळखायची कशी, याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण सगळी अडचण तिथे आहे.

रंग नाही, वास नाही, चीक नाही, फुलाची पाकळी उलगडून पाहता येत नाही. हाती उरते ती मांडणी. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, फांदीच्या टोकाला झुपक्याने आली आहेत का, पान साधे आहे की पर्णिकांचे, टोक कसे आहे, शिरा कशा धावतात, फळ फांदीच्या शेंड्याला लोंबते की थेट खोडावर लागते. एवढ्यावरही काही नावे खात्रीने देता येतात. पिंपळाच्या पानाचे लांबलेले टोक दुसऱ्या कशाचे वाटत नाही. खोडावर घोसाने फळे असतील तर उंबराचा विचार करायचा. तीच फळे अंगाने मोठी आणि काटेरी असतील तर फणसाचा. पारंब्या असतील तर वड. कमळ आणि कुमुद यांतला फरकही सांगता येतो. कमळाचा देठ पानाच्या मधोमध जोडलेला असतो, पान पाण्याच्या वर उचललेले असते आणि फुलाच्या मध्यभागी खळग्या-खळग्यांची चपटी कर्णिका असते. कुमुदाचे पान पाण्यावर पसरते आणि देठापाशी त्याला खाच असते. वेरूळला कैलास लेण्याच्या प्रवेशाशीच गजलक्ष्मी पद्मसरोवरात बसली आहे. तिथली पाने, कळ्या, उमललेली फुले या नजरेने एकदा पाहावीत. सरोवर केवळ पार्श्वभूमी म्हणून कोरलेले नाही, हे ध्यानात येते.

त्याच वेरूळच्या ३२व्या, इंद्रसभा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जैन लेण्यात हत्तीवर बसलेला यक्ष वडाखाली आहे आणि सिंहारूढ अंबिका आंब्याखाली. अंबिकेच्या डोक्यावर फळांनी लगडलेला आंबा आहे. तो इतका स्पष्ट आहे की तिथे वाद घालायला जागा नाही. शिल्पकाराला सांगायचे असते तेव्हा तो असे नि:संदिग्ध सांगतो.

अडचण येते ती फळ नसते तेव्हा. झाडाची फांदी धरून उभ्या असलेल्या स्त्रीला आपण शालभंजिका म्हणतो. पण शालवृक्ष सह्याद्रीत उगवत नाही. आमच्याकडच्या कारागिराने शाल कधी पाहिलाच नसेल, तर त्याने कोरले काय? लांबट पानांचे झुपके दिसले की काही जण आंबा म्हणतात, काही अशोक. स्त्रीने डाव्या पायाने बुंध्याला स्पर्श केला असेल, तर कविसंकेताप्रमाणे तो अशोक, कारण तिच्या पायाच्या स्पर्शाने अशोक फुलतो अशी कल्पना आहे. म्हणजे इथे झाडाची ओळख पानावरून होत नाही, माणसाच्या कृतीवरून होते. त्यात पुन्हा आजच्या वाचकाच्या मनातला अशोक म्हणजे सोसायट्यांच्या कुंपणालगत उभा असलेला उंच सरळसोट आसुपालव. तो वेगळ्याच कुळातला. शिल्पातला अशोक म्हणजे सीतेचा अशोक, ज्याची केशरी फुले फांद्यांवर गुच्छांनी येतात आणि कोवळी पाने तांबूस होऊन खाली लोंबतात.

दगडाचाही विचार करावा लागतो. कर्नाटकातल्या होयसळ मंदिरांचा दगड खाणीतून निघताना मऊ असतो आणि नंतर कठीण होत जातो. त्यात सुताएवढी रेघ उठते. आमचा काळा कातळ तसा नाही. त्यात बुडबुड्यांची छिद्रे असतात, छिन्नी बसवली की कड तुटते. पानाची दातेरी किनार त्यात कोरायला गेले तर टिकत नाही. म्हणून हेमाडपंती मंदिरावर पान गुळगुळीत किनारीचे दिसले, तर मूळ पानही तसेच होते असा निष्कर्ष काढता येत नाही. असे साधे नियम कुठेतरी लिहून ठेवायला हवेत. आज ते कुठल्याही नोंदवहीच्या सुरुवातीला मला दिसत नाहीत.

आणि पुष्कळ ठिकाणी उत्तर ‘नाव नाही’ असेच राहील. दाराच्या चौकटीवरून चढत जाणारी पत्रशाखा, मकराच्या तोंडातून निघालेला वेल, स्तंभावरच्या पूर्णघटातून बाहेर सांडणारी पाने यांना रानातले नाव शोधणे व्यर्थ आहे. ती शुभचिन्हे आहेत. त्यांना बळेच एखादे लॅटिन नाव चिकटवणे हा त्या कलेवर अन्याय आहे.

या मोहाचे एक जगभर गाजलेले उदाहरण आहे. म्हैसूरजवळच्या सोमनाथपूरच्या तेराव्या शतकातल्या केशव मंदिरात देवतांच्या हातांत दाणेदार, टोकाला निमुळती होत जाणारी वस्तू आहे. १९८९ साली कार्ल योहानसेन आणि अ‍ॅन पार्कर या अमेरिकी अभ्यासकांनी ‘इकॉनॉमिक बॉटनी’ या नियतकालिकात लिहिले की ही मक्याची कणसे आहेत. मका अमेरिकेचा, आणि कोलंबस तिथे पोचला १४९२ साली. म्हणजे त्याच्या दोनशे वर्षे आधी मका कर्नाटकात होता, असा त्याचा अर्थ. मक्यावर काम करणारे भारतीय शास्त्रज्ञ पायक आणि सचान यांनी १९९३ साली त्याच नियतकालिकात याचे खंडन केले. ही वस्तू म्हणजे मुक्ताफळ, मोत्यांनी मढवलेले कल्पित फळ, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटते. सोमनाथपूरच्या मूर्तींवर मुकुटापासून पैंजणापर्यंत मोत्यांच्या सरीच सरी आहेत. ज्या हाताने त्या घडवल्या त्याने मोत्यांचे फळही घडवावे, यात नवल नाही. शिवाय एखादे पीक खरोखर शेतात असते, तर त्याचे जळके दाणे चुलीच्या राखेत मिळायला हवे होते. आमच्याच पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावच्या उत्खननात तीन हजार वर्षांहून जुने जळालेले धान्य डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना मिळाले. तसा कोलंबसपूर्व मक्याचा सर्वमान्य पुरावा भारतात कुठेही पुढे आलेला नाही.

सीताफळाचेही असेच झाले. भारहूतच्या स्तूपावर आणि मथुरेच्या शिल्पांत सीताफळ कोरले आहे असे अलेक्झांडर कनिंगहॅम यांना वाटले होते, आणि तो वाद एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. पुरंदरच्या सीताफळावर वाढलेल्या आम्हा पुणेकरांना ते मनोमन आवडेलही. तरी हे झाड अमेरिकेतले आहे, आणि खवल्या-खवल्यांचे फळ दगडात दिसले म्हणजे ते सीताफळच, असे होत नाही.

हे मी तपशिलाने लिहिते, कारण अशी चूक आमच्या देवळांच्या बाबतीत फार सहज होऊ शकते. दसऱ्याला ज्या झेंडूच्या माळांनी आम्ही देवळाचे दार सजवतो, तो झेंडू मेक्सिकोकडचा. देवळाच्या आवारात, ओट्याला सावली धरून उभा असलेला पांढरा चाफा, ज्याला आम्ही देवचाफाच म्हणतो, तोही अमेरिकेतून आलेला. सोनचाफा इथला, देवचाफा नाही. बाराव्या शतकातल्या मूर्तीच्या गळ्यातल्या माळेला झेंडूची माळ म्हणणारा माहितीफलक उद्या लागला, तर तो लावणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. त्याला सांगणारे कोणी नव्हते, एवढेच. आपल्या खात्याची नोंद असेल तर सांगणारे कोणीतरी असेल.

झाड कोणते हे कोरणाऱ्याने स्वतः लिहून ठेवल्याचे उदाहरण भारहूतलाच आहे. तिथे वेगवेगळ्या बुद्धांचे बोधिवृक्ष वेगवेगळे कोरले आहेत आणि खाली ब्राह्मी अक्षरांत कोणत्या बुद्धाचा बोधिवृक्ष ते लिहिले आहे. परंपरेने कोणाचा उंबर, कोणाचा शिरीष, कोणाचा वड हे ठाऊक असल्याने शिल्प आणि नाव यांचा ताळा जमतो. त्या काळचा शिल्पकार उंबर कसा दाखवी आणि वड कसा, याचा तो पाया आहे. आमच्या मावळातल्या भाजे लेण्यांत याच्या जवळपासच्या काळातले एक शिल्प आहे. ऐरावतावर बसलेला इंद्र म्हणून ते ओळखले जाते, आणि हत्तीने सोंडेत एक झाड मुळासकट उपटून धरले आहे. त्या झाडाबद्दल भारहूतशी ताडून कोणी दोन ओळी लिहाव्यात, असे मला फार वाटते. इंग्लंडमध्ये साउथवेल येथील चर्चच्या सभागृहातल्या तेराव्या शतकातल्या कोरीव पानांवर निकोलस पेव्हस्नर यांनी १९४५ साली एक छोटे पुस्तकच लिहिले. ओक, मेपल, द्राक्षवेल अशी पाने तिथे एकेक करून ओळखली गेली आहेत. आपल्याकडे शक्ती गुप्ता यांनी भारतीय मंदिरकलेतल्या वनस्पतींवर १९९६ साली ग्रंथ लिहिला. त्यांच्या काही ओळखींशी माझा मतभेद आहे; पण एकट्या बाईने देशभरच्या मंदिरांचा धांडोळा घेतला, त्यापुढे मी नतमस्तक आहे. महाराष्ट्रात तालुकावार असे काम झालेले नाही.

आता घाई का, ते सांगते.

राजगुरुनगर आणि चाकणच्या परिसरात गेल्या वीस वर्षांत कारखाने आले, जमिनींना भाव आला, गावांच्या हातात पैसा आला. गावाने पहिला पैसा ग्रामदैवताच्या देवळाला लावला. यात कसलाही दोष नाही. गावाच्या श्रद्धेचा तो मोठेपणा आहे. पण जीर्णोद्धार म्हणजे काय करायचे हे सांगायला कोणी येत नाही. मग कातळावर ऑइल पेंट चढतो, पाकळ्या गुलाबी होतात, पाने पोपटी. पुढच्या वेळी तो रंग काढायला ग्राइंडर किंवा वाळूचा मारा येतो, आणि शिरांसकट पान सपाट होते. रंगाचा थर दगडाचा श्वासही कोंडतो: आतली ओल बाहेर पडत नाही, क्षार थराखाली साचतात आणि काही पावसाळ्यांनी रंगाबरोबर दगडाचे पापुद्रे सुटतात. चेहरे आणि हात लोक जपतात, कारण तो देव आहे. बाजूची फांदी कोणी जपत नाही. म्हणून सगळ्यात आधी जाते ते झाड.

‘महाराष्ट्र प्राचीन स्मारके व पुराणवास्तुशास्त्रविषयक स्थळे व अवशेष अधिनियम, १९६०’ संरक्षित स्मारकांना लागू आहे, हे मला माहीत आहे. आमच्या तालुक्यांतली बहुतेक देवळे त्या यादीत नाहीत. ती सगळी यादीत घ्या अशी मागणी मी करत नाही. ते होणार नाही. पण नोंद करायला संरक्षण लागत नाही. एक नमुना अर्ज, एक पत्र आणि थोडे प्रशिक्षण लागते.

अर्ज कसा असावा, याचे उत्तर राजगुरुनगरातच आहे. इथे कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. कांद्याचे दोन वाण वेगळे आहेत हे सांगताना तिथले शास्त्रज्ञ ‘दिसायला निराळा’ असे लिहीत नाहीत. पातीचा रंग, पातीची ठेवण, कांद्याचा आकार, मानेची जाडी असे एकेक लक्षण ठरलेल्या रकान्यात भरतात आणि मग निष्कर्षाला येतात. दगडातल्या पानासाठी तसेच रकाने हवेत: आधी लक्षणे, नाव सगळ्यात शेवटी. नावाशेजारी खात्रीचा दर्जा. हे निश्चित, हे संभवनीय, ही निव्वळ नक्षी. आणि ज्याच्या मते ते नाव आहे त्याची सही. पुढच्या पिढीला आमचे नाव खोडता आले पाहिजे. त्यासाठी आम्ही कशावरून ते दिले, हे तिला दिसले पाहिजे.

छायाचित्रे भर दुपारी किंवा समोरून फ्लॅश टाकून घेऊ नयेत. उठाव पुसला जातो. सकाळच्या किंवा उतरत्या उन्हात, नाहीतर बाजूने धरलेल्या तिरप्या उजेडात घ्यावीत, शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि झाडाबरोबर संपूर्ण पट्टही टिपावा. अशोकाचे उदाहरण वर दिलेच आहे. पान एकटे काढले तर पाय राहून जातो आणि ओळखही.

आणखी एका गोष्टीवर माझा भर आहे. भीमाशंकर, आहुपे, डिंभे परिसरातले महादेव कोळी बांधव हिरडा वेचतात, औषधी साली ओळखतात, रात्रीच्या अंधारात पान चुरून झाड सांगतात. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांवर १९७६ साली जो प्रसिद्ध निबंध लिहिला, तो देवरायांना जपणाऱ्या लोकांच्या ज्ञानावर उभा आहे. मंदिरातल्या झाडांसाठीही अशा जाणत्यांना मानधन देऊन, नाव नोंदवून सोबत घ्यावे. देऊळ आणि देवराई ही एकाच देवाची दोन ठाणी आहेत. एका ठिकाणी काय कोरले आहे आणि दुसऱ्या ठिकाणी काय उभे आहे, हे कधीतरी शेजारी ठेवून पाहायला हवे. त्यातून काही साधे प्रश्न सुटतील. शंकराला आम्ही रोज बेल वाहतो. आमच्या भागातल्या शिवमंदिरांवर बेलाचे त्रिदल किती ठिकाणी कोरलेले आहे? देवराईत ज्याच्या फांदीला हात लावायचा नाही, तो वृक्ष दगडात आला आहे की शिल्पकाराने ग्रंथातलीच झाडे घेतली? याची उत्तरे अंदाजाने देण्यात अर्थ नाही. मोजून द्यावी लागतील.

कुठून सुरू करावे हेही सुचवते. राजगुरुनगरात भीमेकाठचे सिद्धेश्वर मंदिर, चाकणचे चक्रेश्वर, चासचे सोमेश्वर, खुद्द भीमाशंकर. जुन्नरात कुकडीच्या उगमाजवळचे कुकडेश्वर आणि हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला खिरेश्वरचे नागेश्वर. ही देवळे वेगवेगळ्या काळांतली आहेत. काही यादवकाळाच्या आसपासची, काहींवर पेशवाईतले बांधकाम. हा फरक कामाला उपयोगी पडेल, कारण पेशवाईपर्यंत पोर्तुगीजांनी आणलेली झाडे इथे रुळू लागली होती. एखादे नवे फूल दगडात कधी उमटले असेल, तर ते या थरांच्या सांध्यावर सापडेल. भीमाशंकरच्या शिखराचे काम नाना फडणवीसांच्या नावाने सांगितले जाते. तिथले पान आणि कुकडेश्वरचे पान एकाच रकान्यांत भरून पाहिल्याखेरीज याबद्दल कोणी काही बोलू नये, मीही नाही.

आपल्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत. वर सांगितलेल्या धर्तीचा नमुना अर्ज खात्याच्या नावाने निघावा, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यांतली माहिती एका मापाची होईल. संरक्षित देवळांत छायाचित्रणाची परवानगी आणि बाकीच्या देवळांच्या विश्वस्तांना दाखवायला एक विनंतीपत्र मिळावे. गावात खात्याचा कागद दाखवला की दार उघडते. आणि भरलेले अर्ज खात्याने स्वतःकडे ठेवून सर्वांना पाहता येतील असे करावे. पैशाची मागणी त्यानंतर करू. विद्यार्थी आहेत, कॅमेरे आता प्रत्येकाच्या खिशात आहेत, आणि माझ्यासारखी निवृत्त माणसे तर आहेतच.

दिवाळीनंतर ऊन तिरपे होते, वाटा वाळतात. येत्या कार्तिकात सिद्धेश्वरापासून सुरुवात करता यावी, म्हणून त्याआधी आपले उत्तर यावे ही विनंती. विश्वस्तांशी मी बोलेन.

आपली,
वनस्पतिशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका
राजगुरुनगर, ता. खेड, जि. पुणे